लागलीच नाही!

लहानपणी टिकल्यांचं पिस्तूल घेऊन मी दादावर कितीही जवळून नेम धरला, तरी तो मरायचाच नाही. टिकलीचा धूर माझ्या नाकात जायचा आणि हा खाटेवर उभा राहून ओरडायचा, "गोळी लागलीच नाही!"

आई म्हणायची, "अगं, रडीचा डाव तो खेळतोय, आणि रडतेस तू?"

मग मी तणतणत देवापुढे जाऊन हात जोडायची, आणि दादा मागे उभा राहून खिदळायचा.

आज डॉक्टर रिपोर्ट बघून म्हणाले, "ही गोळीही लागू पडली नाही. आता देऊन बघण्यासारखी एकच उरलीय."

दादाचा नुसता सापळा झालाय, पण जित्याची खोड कुठे जाते! कॉटवरून माझ्याकडे बघत त्यानं कसाबसा डोळा मिचकावला. "बघ छकुले, लागलीच नाही!"

ती उरलेली गोळी मी त्याच्या जिभेवर ठेवली, घोटभर पाणी पाजलं, आणि हात जोडून लहानपणी मागायची तेच मागितलं.

"देवा, ह्याला एकदा तरी गोळी लागू दे रे!"