शेवटपर्यंत एकसारखा

आयडाहोच्या माळावर नवा सायलेन्सर तपासायची ऑरिनची रीत ठरलेली होती. लेक डेला तो छोट्या स्वयंचलित बंदुकीला बसवायची आणि न थांबता गोळ्या झाडायची. म्हातारा तिच्याकडे पाठ करून खुर्चीत बसायचा. आवाज मोजायचं यंत्र त्याला पटत नसे. सायलेन्सर आतून झिजला की आवाज बदलतो आणि तो आपल्या कानाला बरोबर कळतो, असं तो म्हणायचा. आवाज बदलला की तो हात वर करायचा. हात वर झाला नाही, तर माल विकायला मोकळा.

"हा फार हलका केलाय, बाबा. टिकेल ना?"

"कर सुरू. माझे कान आहेत ना!"

मॅगझिनमागून मॅगझिन रिकामं होत गेलं. सायलेन्सरची नळी तापली, तिच्यावरचा रंग धुरावला, पण म्हाताऱ्याचा हात मांडीवरच होता. डेला मनातून हरखली. तेवढ्यात नळी एका बाजूनं उकलली, बंदूक कडाडली आणि कुंपणापलीकडची गुरं चौखूर उधळली. तिनं चापावरचं बोट काढलं. खुर्चीला वळसा घालून ती त्याच्यासमोर आली.

"शाब्बास, पोरी! शेवटपर्यंत एकसारखा. काढ बाजारात."

तिनं फुटकी नळी त्याच्यापुढे धरली.

"कधीपासून, बाबा?"

तिच्या ओठांवरून प्रश्न वाचून तो म्हणाला, "तुझी आई गेल्यावर घरात ऐकण्यासारखं काही उरलं नव्हतं गं. त्यामुळे नक्की कधी, ते माझ्याही लक्षात आलं नाही."