दाढेचं काम

प्रवक्त्याने अजून चष्मा काढला नव्हता.

दातांचा डॉक्टर सोफ्याच्या कडेला बसून टीव्हीतल्या त्या माणसाच्या हातांवर डोळा ठेवून होता. तोंडाकडे बघायचं तो टाळत होता. त्या तोंडातला वरचा पुढचा दात त्यानेच बसवलेला होता, आणि स्टुडिओच्या दिव्यांत तो शेजारच्या दातांपेक्षा अंमळ जास्तच पांढरा दिसायचा.

शेजारी आई त्याच्या कोटाला बटण लावत होती. आपल्याला राजकारणातलं काही कळत नाही, असं ती स्वतःच सांगायची. पण संध्याकाळची ही चर्चा मात्र कधी चुकवायची नाही. त्याला याचाही हल्ली संशय यायला लागला होता.

चर्चा त्याच कायद्यावर चालली होती. दोन पुरुषांना, दोन बायकांना लग्न करू द्यायचं की नाही, यावर उद्या संसदेत मतदान होतं. प्रवक्त्याचा पक्ष विरोधात होता. बाकीचे टेबलं बडवत होते. प्रवक्ता मात्र आवाज न चढवता, हसून बोलत होता, आणि तेच जास्त झोंबत होतं.

"आमचा राग कोणावरच नाही," तो म्हणाला. "हे सगळं बाहेरून आलेलं खूळ आहे. असली नाती आपल्या घरांत नसतातच हो."

आईने दोरा दातांनी तोडला.

दोन वर्षं हा माणूस दवाखान्यात येत होता. दवाखाना घराच्याच पुढच्या खोलीत, पण त्याचं दार वेगळं, गल्लीच्या बाजूने. पेशंट संपले, कंपाउंडर गेला, की बेल वाजायची. लोकांच्या लेखी त्याच्या दाढेचं काम चाललं होतं. यायचं असेल त्या दिवशी तो चर्चेत चष्मा काढून रुमालाने पुसायचा. फोन नको, मेसेज नको. कोणाचे फोन कोण बघतं, हे पक्षात राहून त्याला चांगलं ठाऊक होतं. सुरुवातीला डॉक्टरला याची केवढी अपूर्वाई वाटायची. साऱ्या देशासमोर एक माणूस फक्त आपल्यासाठी चष्मा पुसतो!

आता अपूर्वाई आटली होती. मागे एकदा चष्मा पुसूनही तो आलाच नाही. "अरे, त्या दिवशी खरंच धूळ होती," म्हणाला. मग बाकीच्या दिवशी काय होतं? आणखी कोणी, आणखी कुठल्या घरात, असंच त्याच्या हातांकडे बघत बसत नसेल कशावरून? दवाखान्यात डॉक्टरचा हात धरून "मला तुझ्याशिवाय आहे कोण?" म्हणणारा खरा, की हा टीव्हीतला? दोघांपैकी एक जण खोटं बोलत होता, आणि दात दोघांचा एकच होता.

निवेदिकेने शेवटचा प्रश्न विचारला. प्रवक्त्याने चष्मा काढला आणि सावकाश पुसला. डॉक्टरचा हात नेहमीसारखा खिशातल्या दवाखान्याच्या किल्लीकडे गेला. त्याला स्वतःचाच राग आला.

"झालं याचं," म्हणत आईने चॅनेल बदललं.

तिची मालिका लागली. तिच्यातला नायक गेल्या वर्षापासून नायिकेला मनातलं सांगायला निघाला होता, पण ऐन वेळी कोणीतरी दार वाजवायचं, नाहीतर कोणाला तरी चक्कर यायची. डॉक्टरला ही मालिका बघवत नसे. त्या दोघांचं सूत जुळलंय हे आत्यापासून दूधवाल्यापर्यंत सगळ्यांना ठाऊक, आणि हे दोघे आपले समजत होते की कोणाच्या लक्षातच येत नाही. इतके मूर्ख कुठे असतात का! शिवाय यांना अडवणारं होतं तरी कोण? एक खाष्ट आत्या. यांच्या प्रेमावर कोणी संसदेत मतं मोजत नव्हतं.

"अरे, बोल की एकदाचा!" आई पडद्यावर खेकसली. मग सुई डबीत ठेवता ठेवता म्हणाली, "का रे, त्या टीव्हीवाल्याच्या दाढेचं अजून झालं नाही का?"

"अवघड केस आहे."

"असेल बाबा. तुझ्या बाबांची अख्खी कवळी पंधरा दिवसांत झाली होती."

त्याने चोरून तिच्याकडे बघितलं. ती कोट झटकत होती. हिला कोणी काही सांगितलं का? कंपाउंडरने? समोरच्या काकूंनी? आणि कोणासाठी हा सगळा जीव टांगणीला? उद्या जिंकल्यावर जो याच टीव्हीवर हसणार आहे, त्याच्यासाठी? त्याने दवाखान्याची किल्ली खिशात घट्ट धरली. वाजू दे बेल. आज उघडायचं नाही. आज नाही, उद्याही नाही. असं ठरवल्यावर मोकळं वाटेल असं त्याला वाटलं होतं. वाटलं नाही. नुसतं रडू यायला लागलं.

मालिका संपता संपता बेल वाजली. दवाखान्याची. तो हलला नाही. पुन्हा वाजली.

"बेल वाजतेय," आई म्हणाली.

"दवाखाना बंद झालाय. मी कोणाला घेणार नाही आज."

"बरोबर आहे." आईने टीव्ही बंद केला. "चष्मा पुसला तेव्हाच म्हटलं, येणार हा."

तो तिच्याकडे बघत राहिला. आईने कोटाची घडी बाजूला ठेवली, सोफ्यावरची उशी सरळ केली, पाहुणे यायचे असले की फिरवायची तसा केसांवरून हात फिरवला आणि उठली.

"खिडकीतून सांग त्याला, ते दार आजपासून बंद. असली नाती घरांत नसतात म्हणाला ना? मग घराच्या दाराने ये म्हणावं. ते मी उघडते."