अर्धा कागद

संग्रहालयाच्या तळघरात एकटीच बसून मी एका दीपगृहाच्या रखवालदाराची जुनी पत्रं संगणकावर, एक्सएमएलमध्ये उतरवत होते. कागदावर त्याची ओळ जिथे मोडेल तिथे एक टॅग, म्हणजे खुणेचा शब्द, घालायचा. “ओळींची नसती उठाठेव कशाला, बाई?” जिन्यावरून डोकावत साहेब वैतागले. “टॅग काढा, नुसता मजकूर ठेवा.” मी हो म्हटलं आणि घालत राहिले. पहिल्याच पत्रात त्यानं बहिणीला लिहिलं होतं, “ताई, अर्धा कागद कोरा सोडलाय. उजवीकडे तुझं उत्तर लिही आणि हाच परत धाड.” सगळी पत्रं ताईच्याच ट्रंकेत सापडली होती, उजवी बाजू कोरीच. अकरा वर्षांच्या पत्रांत ओळ अर्ध्या कागदावरच मोडत होती, टॅग दर तीन शब्दांनी पडत गेला. मग शेवटचं पत्र उघडलं. मजकूर नेहमीचाच होता: “ताई, मी मजेत आहे. सवड झाली की लिही.” ओळ मात्र पहिल्यांदाच कागदाच्या पार उजव्या कडेला जाऊन मोडली होती.