एकटीचा खेळ

दुकानदाराने हातात धरून खेळायचे तीन व्हिडिओ गेम काउंटरवर मांडले. मी प्रत्येकाची बटणं दाबून पाहिली, आवाज किती कमी करता येतो तेही पाहिलं.

"मुलगी पाच वर्षांची आहे. एकटीने खेळता येईल असाच द्या."

"ताई, माझं ऐकाल तर दोघांचा घ्या. पोरं पाळीपाळीने खेळतात, भांडतात, पण तेवढीच आपली सुटका."

"आधीचा दोघांचाच होता. तो आता नको."

मुलगा गेला त्याला चार महिने झाले होते. जुना गेम घेऊन बसली की मुलगी अजूनही त्याची पाळी संपेपर्यंत थांबायची. ते थांबणं मला बघवत नव्हतं.

घरी तिने नवा गेम आवडीने हातात घेतला. दोन-तीन उड्यांनंतर तिचा ससा खड्ड्यात पडला. तशी तिने गेम सोफ्याच्या रिकाम्या कोपऱ्याकडे सरकवला आणि हात मांडीवर ठेवून बसून राहिली.

"अगं, हा एकटीचाच आहे. खेळ ना."

"दादाची पाळी आहे."

मी वाद घातला नाही. गेम उचलला, ससा पळवला, मुद्दाम लवकर हरले आणि तो तिला परत दिला. "घे, झाली त्याची पाळी."

 

तिने आधी माझ्याकडे पाहिलं, मग कोपऱ्याकडे, आणि हळूच म्हणाली, "त्याची पाळी तू घेतलीस, म्हणून रडतोय तो. आता तूच काढ त्याची समजूत."