जिन्यावरची शिकवणी

"मॅडम, एकच अडलंय. शप्पथ, एकच."

चिमणीने जिन्याच्या वळणावर गाठलंच. आवाज बारीक म्हणून सगळे तिला चिमणी म्हणत. हातात उघडा लॅपटॉप आणि चेहरा आता रडेल की मग अशा बेताचा. बाईंनी आधी वर पाहिलं, मग खाली. कोणी नव्हतं.

"तू ब तुकडीतली ना गं? तुमच्याशी बोलायचीसुद्धा चोरी आहे मला."

"यंत्राला विचारलं ना. ते तेच तेच सांगतं, फक्त दर वेळी जास्त गोड बोलतं."

बाईंना हसू आलं, आणि तिथेच त्या फसल्या.

विद्यापीठाच्या कॉम्प्युटर विभागात त्यांना टेंपररी मॅडम म्हणत. लग्न होऊन घरात आल्या तेव्हा त्या तात्पुरत्या होत्या. मुलीचे दुधाचे दात पडून अकलेचे यायला लागले, तरी तात्पुरत्याच. दर सत्राला नवी ऑर्डर, नवी धाकधूक. यंदा मात्र विभागप्रमुख सरांनी शब्द दिला होता.

पहिल्या वर्षाच्या दोन तुकड्या. अ तुकडीला प्रोग्रॅमिंग बाई शिकवणार. ब तुकडीला सरांनी वर्षानुवर्षं खपून तयार केलेलं यंत्र शिकवणार, पडद्यावरून, माणसाशिवाय. शेवटी दोघांना एकच पेपर. हेच सरांचं संशोधन.

"तुमची तुकडी पुढे गेली, की तुमची कायमची जागा मी भांडून आणतो," सर म्हणाले होते. "पथ्य एकच. ब तुकडीला माणसाचा वारासुद्धा लागता कामा नये. कुणी शिकवलं असं निघालं, तर शिकवणाऱ्याची नोकरी गेली आणि शिकणाऱ्याचं वर्ष."

"बस," बाई पायरीवर टेकत म्हणाल्या. "फंक्शन स्वतःलाच हाक मारतंय, तिथे घोडं अडलंय ना? हे बघ. डब्यात डबा, त्यात आणखी लहान डबा. उघडत जायचं. पण सगळ्यात आतला कुठला, हे तू सांगितलंच नाहीस. मग बिचारा कॉम्प्युटर उघडतच बसलाय."

"अय्या! एवढंच?"

"एवढंच. पळ आता."

दुसऱ्या दिवशी ती मैत्रिणींना घेऊन आली. मग मैत्रिणींच्या मैत्रिणी, मग मुलं; हळूहळू अख्खी ब तुकडी. पायऱ्या पुरेनात.

घरी सासूबाईंनी ऐकलं आणि कपाळाला हात लावला. "म्हणजे शर्यत लावायची, आणि समोरच्याच्या घोड्याला दाणापाणी आपणच करायचं?"

"आई, अ तुकडी रोज तास-तास माझ्यासमोर असते. यांना जाता-येता चार शब्द सांगते, त्याने काय होणार आहे?"

"आणि कुणी पाहिलं म्हणजे?"

 बाई उठून भांडी लावायला लागल्या.

आणि एकदा खरंच पाहिलं. सर स्वतःच जिना उतरत आले. बाई पायरीवरून झटकन उठल्या. मुलांनी लॅपटॉप मिटले.

"पोरं पाठ सोडत नाहीत वाटतं तुमची?" सर हसून म्हणाले आणि फोनवर बोलत खाली निघून गेले.

संशोधनात बुडालेला माणूस, त्याला कुठली पोरं कुठल्या तुकडीची हे काय कळणार! बाईंचा जीव भांड्यात पडला. तरी त्या दिवसापासून त्या एक जिना वर सरकल्या, गच्चीच्या दाराशी.

निकाल लागला तसं सरांनी केबिनमध्ये बोलावलं. खुर्ची दिली, चहा मागवला.

"मॅडम, तुमच्या तुकडीचा इतका सुंदर निकाल आजवर लागला नव्हता."

बाईंनी पदराने कपाळ टिपलं. "आणि ब तुकडीचा?"

"तीच तर बातमी आहे. तंतोतंत तेवढाच!" सरांनी पडदा त्यांच्याकडे वळवला. दोन्ही तुकड्यांच्या गुणांच्या रेषा एकमेकींवर अशा बसल्या होत्या, की एकच रेष वाटावी. "परदेशातून आमंत्रणं यायला लागलीत. पण तुमचं मात्र वाईट वाटतं हो. यंत्र माणसाइतकंच शिकवतं म्हटल्यावर मी तुमच्या जागेसाठी कोणत्या तोंडाने भांडू? पुढच्या सत्रापासून दोन्ही तुकड्या यंत्राकडे. चहा घ्या ना, गार होतोय."

बाई बाहेर आल्या, तर कॉरिडॉरमध्ये चिमणी उभी. "मॅडम, मी पास झाले! आम्ही सगळेच झालो!"

बाईंनी तिच्या डोक्यावर हात ठेवला.  आपली जागा गेली, ते एक असो. पण ही धडधडीत खोटी रेष आता जगभर मिरवणार, आणि कुठल्या कुठल्या गावच्या टेंपररी मॅडम घरी बसणार.

"ऐक," त्या म्हणाल्या. "मी परत आत चाललेय. ब तुकडीला जिन्यावर मी शिकवलं, हे सरांना सांगून टाकते. तुमचं कुणाचं नाव घेणार नाही. तू घाबरू नकोस."

चिमणी घाबरली नाही. 

"पण मॅडम, सरांना काय सांगायचंय त्यात? पहिल्याच दिवशी त्यांनीच तर आम्हाला तुमच्याकडे पाठवलं. फक्त म्हणाले, माझं नाव काढू नका, मॅडमना उगाच संकोच वाटेल."