बुटांचा आरसा

"एक्स-रे मी काढणार नाही," सालोमीबाई म्हणाल्या आणि त्यांनी साडीचा काठ पावलावर ओढून घेतला.

उजव्या तळव्याची जखम पावसाळ्यापासून भरली नव्हती. ती हाडापर्यंत पोचली असावी, असा डॉक्टर वसुंधरा यांचा कयास होता. तसे असल्यास पाऊल वाचवण्यास अवधी थोडा होता. हे त्यांनी दोन निरनिराळ्या प्रकारे सांगून पाहिले.

"ती किरणं अंगात साठतात," सालोमीबाई म्हणाल्या. हे मत जुने होते आणि त्यास त्या जागल्या होत्या. मुलगा रोनाल्ड लहानपणी आंब्यावरून पडला, तेव्हा त्यांनी त्यास सांडोरमधल्या हाडवैद्याकडेच नेले होते.

"मम्मी, त्याचं मनगट अजून वाकडं आहे," सून प्रिस्का म्हणाली.

"वाकडं आहे, पण आहे ना?"

डॉक्टरांनी काठ बाजूला सारून जखमेभोवतीची कातडी पुन्हा निरखली. "आजी, या पायाला कधी भाजलं होतं? काही शेक, किरणं?"

"ऐंशी वर्षांत एक एक्स-रे नाही. हा पाय माझ्या पप्पांनी फुलासारखा जपला. मुंबईत बुटांच्या दुकानात होते ते. तिथे एक लाकडी पेटी होती. खाली पाय घालायचा, वरच्या काचेतून बूट चावतो का बघायचं. आतली हाडं हिरवी दिसायची. गिऱ्हाइकांची पोरं घाबरायची, म्हणून पप्पा आधी माझा पाय घालायचे. मी बोटं हलवून दाखवायची."

"कितीदा?"

"शाळा सुटली की तिथेच. रविवार सोडून. रविवारी देवळात जायचं असायचं."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवले. अशा पेट्या पुढे त्यांतल्या किरणांमुळेच बंद झाल्या, हे त्यांना ठाऊक होते.

"आजी, ती पेटी म्हणजे..."

"बुटांचा आरसा. पप्पा तसंच म्हणायचे." सालोमीबाईंनी डॉक्टरांकडे रोखून पाहिले. "तो एक्स-रे असता, तर पप्पांनी माझा पाय आत घातला असता का?"

प्रिस्का डॉक्टरांकडे पाहत होती. डॉक्टर जखमेकडे पाहत होत्या.

"नसता घातला," त्या म्हणाल्या. "आमच्या शेजारच्या खोलीत तसाच आरसा आहे, आजी."

"मग हे आधी सांगायचं," सालोमीबाई म्हणाल्या आणि स्वतःच दुसऱ्या पायातलीही चप्पल काढू लागल्या.