थंड चुलीचं घर

स्वयंपाकघरात एक मातीची चूल होती, एक सौर शेगडी, एक ताट आणि दोन कप. चुलीला तारेने एक डबी बांधलेली होती. चूल पेटली की ती तापमान टिपून ठेवी.

दुसरा कप सर्वेक्षणाच्या पोरीचा. दर बुधवारी ती डबीतले आकडे घ्यायला येई आणि चहाला थांबे. चांगुणाबाईंच्या उंबऱ्यात एरवी कुणी येत नसे. पोरीला धूर नको, म्हणून त्या तीन महिने शेगडीवरच रांधत होत्या.

“मावशी, चूल एकदाही पेटली नाही! तुम्ही पास!” पोरगी म्हणाली. “आता आकडे आपोआप माझ्या मोबाइलवर येतील. चूल पेटलेली दिसली, तरच मला यावं लागेल.”

“म्हणजे मास्तरीण फक्त नापासांसाठी होय गं!” चांगुणाबाई हसल्या.

पुढच्या बुधवारी त्यांनी शेगडीवर भाकरी भाजली, जेवून ताट धुतलं. मग दोन्ही कप पुसून ठेवले आणि रिकाम्या चुलीत चार काटक्या सारून काडी ओढली.

डबीने टिपलं: सकाळी दहा वाजून चार मिनिटं, चौऱ्याऐंशी अंश.